दुखतंय कशावाणी?

आमच्या ओपीडीच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. शून्य ते दहा आकडे आणि त्यावर गोल चेहरे. शून्यावरचा हसरा, दहावरचा रडका. पेशंटने आपलं दुखणं कोणत्या आकड्यावर आहे ते सांगायचं आणि आम्ही ते केस पेपरवर लिहायचं, अशी वरून सूचना होती. तक्ता लागला त्याच दिवशी लासूर स्टेशनच्या एका आजींना मी विचारलं, “आजी, दहापैकी किती दुखतंय?”

आजींनी तक्ता पाहिला, मग मला पाहिलं.

“धापैकी काय इचारती बाई? आख्खा पाय दुखायलाय.”

तक्ता भिंतीवरच राहिला. आम्ही पेशंटला आमच्याच पद्धतीने विचारत राहिलो, “दुखतंय कशावाणी?” या प्रश्नाला मात्र कधी कुणी अडलं नाही.

मी एकतीस वर्षं नर्स होते. त्यातली शेवटची सोळा शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात गेली, मेडिसिन ओपीडीच्या बाहेरच्या टेबलावर. काम बाहेरच्याला सोपं वाटेल. पेशंट आला की वजन घ्यायचं, बीपी बघायचं आणि केस पेपरवर ‘तक्रार’ नावाच्या रकान्यात त्याला काय होतंय ते लिहायचं. रकाना बोटभर. त्यात इंग्रजी चार शब्द मावतात. पेशंट पाच मिनिटं सांगणार, मी त्याचे चार शब्द करणार आणि आतले डॉक्टर ते चार शब्द वाचून पुढचं ठरवणार. नव्या मुलींना हे काम कारकुनी वाटायचं. मला कधी तसं वाटलं नाही, कारण आत जाणाऱ्या प्रत्येक दुखण्याला माझ्या पेनातूनच जावं लागायचं, आणि याचा मला जरा तोराही होता.

जखम दाखवता येते, ताप मोजता येतो. दुखणं सांगावं लागतं, आणि सांगायचं तर दुसऱ्या कशाचा तरी आधार घ्यावाच लागतो. मग ज्याचा जो धंदा त्याची ती उपमा. बजाजनगरहून कंपनीतले कामगार यायचे. त्यांच्या गुडघ्यातलं ऑइल संपलेलं असायचं आणि कमरेचं बेअरिंग वाजत असायचं. एका ऑपरेटरने लघवीची तक्रार मला अशी सांगितली होती, “मॅडम, प्रेशर पूर्ण येतंय, पण व्हॉल्व्ह उघडत नाय.” प्रोस्टेटचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या पुस्तकातही वाचलं नाही. लासूरच्या मोंढ्यातले एक कांद्याचे आडते पोट धरून बसायचे आणि म्हणायचे, “आत कांद्याची चाळ सडायलीय.” भजी तळणाऱ्याच्या छातीत चुरचुरायचं ते कढईत घाणा टाकल्यागत. 

आणि एक रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन होते. त्यांना मी विचारलं, “काका, कसं दुखतं? आगीसारखं, की कुणी टोचल्यासारखं?” काकांनी विचार केला. “दुखतं,” म्हणाले. “ते कळलं काका, पण कशासारखं?” त्यांनी पुन्हा विचार केला आणि म्हणाले, “दुखण्यासारखं दुखतं.” यावर काय लिहिणार! शाळेत याला अनन्वय अलंकार म्हणत, एखाद्या गोष्टीला तिचीच उपमा देणं. परीक्षेत मला तो कधी आठवला नव्हता. काकांमुळे कायमचा पाठ झाला.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर सांगते. मी लासूर स्टेशनच्या शाळेत शिकले. मराठीला गुरुजी होते, ते अलंकार शिकवायचे तेव्हा वर्गात पंखाही हळू फिरायचा. उपमा आणि रूपक यांतला फरक त्यांनी फळ्यावर लिहून दिला होता. उपमेत दोन वस्तू वेगळ्या राहतात आणि मधे ‘सारखा, जसा, वाणी, गत’ असा एखादा शब्द असतो. रूपकात तो शब्द जातो आणि एक वस्तू दुसरीच होऊन बसते. चंद्रासारखं मुख ही उपमा, मुखचंद्र हे रूपक. “सारखा दिसला की उपमा लिहा, नाही दिसला की रूपक. दोन मार्क कुठं जात नाहीत,” गुरुजी म्हणाले. मी हात वर केला. “गुरुजी, पण तो शब्द काढल्यानं फरक काय पडतो?”

“फरक मार्कांत पडतो. खाली बस.”

मी खाली बसले. या प्रश्नाचं उत्तर मला खूप वर्षांनी ओपीडीच्या टेबलावर मिळालं, आणि ते गुरुजींना सांगायचं राहून गेलं.

उत्तर शोधायची वेळ आली ती डॉक्टर राघवनमुळे. हे तमिळनाडूतले, तरुण, अतिशय मन लावून काम करणारे. आल्यावर दोन महिन्यांत त्यांनी मराठी शिकायला घेतली आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू झाला, कारण ते प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवायचे. एक बाई म्हणाल्या, “साहेब, पोटात गोळा उठतो.” डॉक्टरांनी त्यांना झोपवून दहा मिनिटं पोट चाचपलं आणि सोनोग्राफी लिहिली. सोनोग्राफी स्वच्छ. बाई पुन्हा आल्या, “पर गोळा उठतोच ना.” डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

“सिस्टर, गोळा कुठे आहे?”

“सर, गोळा नाहीये. गोळा उठतोय.”

त्यांनी दोन्ही वाक्यं डायरीत लिहून घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझ्या भाषेची दया आली. दुसऱ्या एकीने सांगितलं, “सासऱ्याचं नाव निघालं की माझ्या हातापायाचं पाणी होतं.” डॉक्टर तिच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज शोधत बसले. हसू नका. उपरा माणूस दुसरं काय करणार? आपण ही भाषा आईच्या मांडीवर शिकलो म्हणून आपल्याला तिच्यातलं पाणी ओलं लागत नाही.

शेवटी एका दुपारी ओपीडी संपल्यावर चहा घेताना मी त्यांना अलंकार शिकवले. केस पेपरच्या पाठकोऱ्या कागदावर गुरुजींसारखे दोन रकाने पाडले. एका बाजूला ‘डोक्यात घण मारल्यागत’, दुसऱ्या बाजूला ‘डोक्यात घण पडायलेत’. डॉक्टर लक्ष देऊन ऐकत होते.

“आमच्या भाषेतही हे आहेच,” ते म्हणाले. “पण तिथं मला ते आपोआप कळतं, म्हणून दिसत नाही. सिस्टर, यातल्या कशाला मी घाबरायचं, ते सांगा.”

असा सरळ प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी बोलता बोलताच विचार केला. “सर, माणूस ‘वाणी’ म्हणतो, ‘गत’ म्हणतो, तोवर तो दुखण्यापासून जरा लांब उभा असतो. त्याला ठाऊक असतं, की घण खरा नाही. त्याला तुलना करायला सवड असते. दुखणं वाढलं की सवड जाते. मग ‘वाणी’ गळतं. पहिल्या खेपेला ‘घण मारल्यागत’ म्हणणारा दुसऱ्या खेपेला ‘घण पडायलेत’ म्हणाला, तर त्याला आधी बघा.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “म्हणजे उपमेचं रूपक झालं, तर पेशंट वर घ्यायचा?”

“तसंच काहीतरी.”

तेव्हापासून आमच्या ओपीडीचा तो अलिखित नियम झाला. ‘वाणी’ गळलं की पेपर वर. मी त्या पेशंटच्या पेपरचा कोपरा दुमडायची आणि तो गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायची. महिन्याभरातच एका बांधकामावरचा वॉचमन आला. आठवड्यापूर्वी तो ‘डोक्यावर कुणी बसल्यागत’ म्हणून गेला होता. या खेपेला टेबलाला धरून म्हणाला, “बाई, उतरवा त्याला.” कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. मी कोपरा दुमडला. त्याचं बीपी बघून राघवन खुर्चीतून उठले आणि त्याला सरळ वरच्या वॉर्डात दाखल केलं. चार दिवसांनी तो चालत घरी गेला. त्या दिवशी मी घरी जाताना पाव किलो जिलेबी नेली. नवऱ्याने विचारलं, “काय विशेष?” मी म्हटलं, “रूपक ओळखलं.” त्याने माझं कपाळ चाचपून पाहिलं.

या नियमाला एक पोटनियम होता आणि तो मी माझ्यापुरता केला होता. काही लोक बोलतातच तसं. कुणाचा जीव रोज जातो, कुणाचं डोकं लग्नापासून फुटलेलं आहे. अशांचं ‘वाणी’ मोजायचं नाही. माणसाची बोलण्याची सवय वजा करायची आणि उरेल ते दुखणं धरायचं. ही वजाबाकी जमणं हीच खरी कला, असं मी नव्या मुलींना सांगायची. त्याच वजाबाकीने माझा घात केला.

खुलताबादचे महेबूबचाचा पिंजारी होते. गाद्या, उशा, रजया भरून शिवायचं त्यांचं लहानसं दुकान. त्यांच्या वडिलांनी धनुकलीवर कापूस पिंजला, चाचांनी पुढं मशीन घेतलं. थंडीचा हंगाम तोंडावर असताना ते पहिल्यांदा आमच्या ओपीडीत आले. पांढरी टोपी, दाढीत कापसाचा एक तंतू अडकलेला. मी बीपी घेतलं आणि विचारलं, “काय होतंय चाचा?”

“पायाखाली रुई हाय, सिस्टर.”

“म्हणजे?”

“चलतो ना, तर जमीन लागतच नाय. रुई हाय खाली.”

रुई म्हणजे पिंजलेला कापूस. मला हसू आलं. मी म्हटलं, “चाचा, तुमच्या पायाखाली रुई नाही तर काय असणार? तुमचं तर दुकानच रुईचं.”

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. चाचाही हसले. लाजल्यासारखे, आपण काही बावळट बोललो की काय, असे.

आता त्या दिवसाचं मी शांतपणे सांगू शकते. त्यांनी ‘रुईवाणी’ म्हटलं नव्हतं. ‘रुई हाय’ म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा. माझा नियम मीच केलेला होता आणि तो माझ्यासमोर उभा होता. पण मी वजाबाकी केली. ऑपरेटरला व्हॉल्व्ह, आडत्याला कांदा, तसा पिंजाऱ्याला कापूस. हा माणूस पोट दुखलं तरी कापूसच सांगेल, असं मी धरलं. रुई वजा केली तर काय उरलं? पायात जोर वाटत नाही. मी रकान्यात लिहिलं, ‘वीकनेस, बोथ लेग्ज’. पेपर गठ्ठ्यात खाली गेला.

आत राघवन यांनी तो वाचला. उतारवयाचा, दिवसभर बसून शिवणारा माणूस, पायात अशक्तपणा. त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि बरं नाही वाटलं तर महिन्याने या, असं सांगितलं. मी लिहिलेल्या दुखण्यावर ते औषध बरोबरच होतं. चाचा निघताना माझ्या टेबलापाशी थांबले. “सिस्टर, गोळ्यांनी जमीन लागंल ना?” मी “लागेल लागेल” म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बीपीसाठी हात पुढं करायला लावला.

महिन्याने ते आले नाहीत. हंगाम होता. थंडीत पिंजाऱ्याला दुकान सोडता येत नाही.

पिंजलेल्या कापसावर कुणी चपला घालून जात नाही. तो कापूस कुणाच्या तरी डोक्याखाली जायचा असतो. चाचा आयुष्यभर दुकानात चपला उंबऱ्याबाहेर काढून काम करत आले. एका दिवशी गादी शिवायची लांब सुई मधेच मोडली. अर्धी हातात राहिली, अर्धी कापसात गेली. ते आणि चाची दोघांनी मिळून शोधली. गिऱ्हाइकाच्या गादीत सुई जाऊ नये म्हणून चाचांनी एक अख्खी भरलेली गादी उसवून पुन्हा पाहिली. सुई मिळाली नाही. चार दिवसांनी चाचींना जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या खोळीवर रक्ताचे डाग दिसले, एका ओळीत, मशीनपासून दारापर्यंत. त्यांनी चाचांचा पाय उचलून पाहिला. अर्धी सुई अंगठ्याच्या मागे तळव्यात होती. चाचा चार दिवस तिच्यावर चालत होते आणि त्यांना कळलंही नव्हतं.

ते दवाखान्यात आले तेव्हा पाय सुजून तुकतुकीत झाला होता आणि अंगठा काळा पडला होता. रक्तातली साखर चारशेच्या वर निघाली. मधुमेह केव्हापासून होता, कुणास ठाऊक. त्याने पायाच्या नसा हळूहळू मारल्या होत्या, तळव्याला काही लागायचंच बंद झालं होतं. आधी सुई काढली. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. एवढ्यावर थांबेल की घोट्यापर्यंत जावं लागेल, हे सर्जनलाही सांगता येईना. आठ दिवस चाचा रोज एकच प्रश्न विचारायचे, “मशीनचा पाय मारता येईल ना?” शिवणयंत्राला पायडल असतं. पाय गेला, तर दुकान गेलं.

त्या आठ दिवसांतली ही गोष्ट. राघवन वॉर्डात राउंडला आले, मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी चाचांना त्यांच्या मराठीत विचारलं, “पाय सुन्न कधीपासून?”

“थंडीच्या आधीपासून, साहेब. तवाच सांगितलं व्हतं मी. ह्या सिस्टरलाच सांगितलं.”

राघवन यांनी फाइल उघडली. पहिला केस पेपर काढला, वाचला आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे दिला. चाचा म्हणाले, “काय लिवलंय, वाचा की.”

मी मराठीत वाचून दाखवलं, “दोन्ही पायांत अशक्तपणा.”

चाचांनी मान हलवली. “हा कागद माझा नाय, सिस्टर. मी असं बोललोच नाय. गर्दीत सरमिसळ झाली असंल. माझा कागद शोधा.”

मी तिथंच बोलायला हवं होतं. नाही बोलले. उशाशी बसलेल्या चाचींनी माझी बाजू घेतली, “रोज एवढे लोक येतात, त्या तरी काय करतील!” आणि मी त्या आडोशाला उभी राहिले. राघवन पुढच्या कॉटकडे गेले. मी कागद फाइलमध्ये ठेवला, फीत बांधली. इतकी लाज मला नोकरीत दुसऱ्या कशाची वाटली नाही. वेळी-अवेळी बोलणी खाल्ली, एकदा सलाइनची बाटलीही हातून फुटली, पण त्याचं एवढं काही नाही.

दुपारी मी राघवन यांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. चाचा त्या दिवशी काय म्हणाले, मी काय म्हणाले, काय लिहिलं. ते ऐकत राहिले. मग टेबलावरचं जाडजूड पुस्तक ओढून त्यांनी एक पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

“सिस्टर, हे इथे आहे. नसा मेल्यावर पेशंट काय सांगतो, ते दिलंय. कापसावर चालल्यासारखं वाटतं. हेच शब्द.” मग म्हणाले, “तुम्ही लिहिलं असतं, तर मी साखर तपासली असती. पायांची काळजी कशी घ्यायची, ते सांगितलं असतं. बोटं वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण तपासली असती.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तमिळनाडूहून आलेल्या माणसाला मी माझी भाषा शिकवली होती आणि जे वाक्य त्याच्या इंग्रजी पुस्तकातही होतं, ते मी माझ्याच भाषेत ऐकून टाकून दिलं होतं.

चाचांचा घोटा वाचला. तेवढं दैव चांगलं म्हणायचं. त्यांना घरी सोडलं आणि दर आठवड्याला ड्रेसिंगला बोलावलं. पहिल्या खेपेला मी ड्रेसिंग रूमकडे फिरकलेच नाही. दुसऱ्या खेपेला त्यांचा नंबर येईपर्यंत मनाशी वाक्यं जुळवत बसले आणि ऐन वेळी ओपीडीत गर्दी आहे म्हणून उठून गेले. तिसऱ्या खेपेला गेले. दुपारची वेळ होती. चाची बाहेर औषधाच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. चाचा टेबलावर पाय पसरून बसले होते, ड्रेसिंग नुकतंच झालं होतं. मी त्यांची फाइल घेतली, तो पहिला कागद वर काढला आणि स्टूल ओढून समोर बसले.

“चाचा, त्या दिवशी वाचला तो कागद तुमचाच आहे.”

“नाय सिस्टर. मी असं बोललोच नाय.”

“तुम्ही नाही बोललात. मी लिहिलं. तुम्ही म्हणालात पायाखाली रुई आहे, आणि मी लिहिलं अशक्तपणा.”

चाचांनी विचारलं, “कशापायी?”

गर्दी होती, रकाना लहान होता, इंग्रजीत लिहावं लागतं. तीन आठवडे जुळवलेली सगळी वाक्यं तयार होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. “मला वाटलं, तुमचा धंदा रुईचा, म्हणून तुम्ही तसं बोलताय.”

चाचांनी पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग बोलले, आवाज न चढवता.

“सिस्टर, चाळीस साल मी रुईवर चाललो. रुई पायाला कशी लागती, हे माझ्याहून जास्ती कुणाला ठावं? दुसरा कुणी बोलला असता तर अंदाजानं बोलला असता. मला ठावं व्हतं, म्हणून तर बोललो.”

इतकी वर्षं मी लोकांच्या उपमांमधून त्यांचा धंदा वजा करत आले. ऑपरेटरला व्हॉल्व्ह कळतो, आडत्याला सडका कांदा कळतो, म्हणूनच ते तो शब्द निवडतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ज्या गोष्टीतलं त्या माणसाला सगळ्यात जास्त कळतं, तीच मी प्रत्येक वेळी पुसून टाकत होते.

“चुकलं माझं, चाचा,” मी म्हणाले.

असू द्या, होतं असं, असं काही ते म्हणाले नाहीत. आणि का म्हणावं? बोटं त्यांची गेली होती. ते फक्त म्हणाले, “तीन गेली.” मग त्यांनी माझ्या हातातल्या फाइलकडे बोट केलं. “आता तरी बराबर लिवा.”

मी नवा केस पेपर घेतला. तक्रारीचा रकाना कोरा होता. “सांगा चाचा. आता काय होतंय?”

“बोटं खाजतात.”

मी उरलेल्या दोन बोटांकडे पाहिलं. “ही?”

“ही नाय. गेलेली.”

“खाजल्यासारखं वाटतं?”

“वाटत नाय सिस्टर. खाजतात. हात जातो खाजवायला, तर तिथं बोट नाय.”

माझ्या पेनाने सवयीने इंग्रजीत सुरुवात केलीही होती. चार अक्षरं झाली होती. मी ती खोडली. रकाना सोडून खालच्या मोकळ्या जागेत अवतरण चिन्हं दिली आणि मराठीत लिहिलं, चाचा बोलले तसंच.

“वाचा,” चाचा म्हणाले.

मी वाचलं, “गेलेली बोटं खाजतात. हात जातो खाजवायला, तर तिथं बोट नाय.”

चाचांनी हात पुढं करून कागद घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी शाई सुकेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“हौ,” ते म्हणाले. “हा कागद माझा.”